डब्यातल्या माल्टची बियर

विनोना, मिनेसोटा
१४ नोव्हेंबर १९९८

प्रिय वेंडल,

तुझं पत्र पोचलं. तू आणि आर्डिस ठीक असाल. मी बरी आहे. थंडी पडली की कंबर कुरकुरते, तेवढंच. नदीच्या काठाने बर्फ धरायला लागलंय. चर्चच्या तळघरातल्या विक्रीत माझ्या बीटच्या लोणच्याच्या सगळ्या बरण्या गेल्या. लायलची होडी मी विकली. तुला आधी विचारायला हवं होतं, असं आर्डिस कुणाजवळ तरी म्हणाली म्हणे. तिला सांग, होडीबद्दल विचारायचं असतं तसं माणसाबद्दलही विचारायचं असतं.

आता तुझ्या कामाचं. बियर-क्लबच्या नाताळच्या मेळाव्यासाठी तुला लायलची ती तपकिरी बियर करायची आहे आणि तिला त्याचं नाव द्यायचं आहे. पुन्हा पुन्हा करून पाहिलीस, पण ती करपलेल्या साखरेची चव काही उतरत नाही. म्हणून लायल किती गरम पाण्यात किती वेळ माल्ट ठेवायचा, ते मी कळवावं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण कळवते.

तुम्ही दोघं भाऊ आमच्या गॅरेजमध्ये बियर करायचात, ते दिवस मला आवडायचे. मोड आणून वाळवलेल्या सातूचं पोतंभर माल्ट चक्कीवर भरडायचं, तासभर गरम पाण्यात मुरवायचं, मग गाळत बसायचं. सबंध शनिवार त्यात जायचा आणि माझं गॅरेज चिकट व्हायचं. पुढे लायलने चक्की विकली आणि माल्टचा तयार अर्क आणायला लागला. डब्यातला, काकवीसारखा दाट. चवीपुरतं थोडं भाजलेलं खास माल्ट कापडी पिशवीत बांधून गरम पाण्यात सोडायचा, पिशवी काढली की अर्क ओतायचा. क्लबातले निम्मे लोक असंच करतात. तुलाही ते ठाऊक आहे.

तरी भर बैठकीत तू त्याची बाटली हुंगलीस, घोटही न घेता खाली ठेवलीस आणि म्हणालास, "डबा उघडायला अक्कल लागत नाही, लायल. खरी बियर करशील तेव्हा बोलव, येईन मी."

सगळे हसले. लायलही हसला. पुन्हा मात्र तो क्लबात गेला नाही, आणि तू सगळीकडे सांगत सुटलास की लायल आळशी झाला आणि वर रुसला. चक्की का विकलीस, हे त्याला एकदाही विचारलं नाहीस. तुला सगळं न विचारताच कळतं, लहानपणापासून.

मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या स्पर्धेत त्याची बियर पहिली आली तेव्हा परीक्षक तूच होतास. बाटल्यांवर नावं नसतात. लायलचा मित्र व्हर्न बाटली घेऊन तिथे गेला होता, त्याने येऊन सगळं सांगितलं. तू म्हणे ग्लास उजेडात धरलास आणि बाकीच्या परीक्षकांना शिकवलंस की चवीची ही खोली अर्कातून जन्मात येत नाही, यामागे भरडलेलं माल्ट आणि दिवसभराची मेहनत आहे. नावं उघडल्यावर सभागृहात जाहीर केलंस, "माझा भाऊ शेवटी धान्याकडे परत आला."

ती बियर डब्यातली होती, वेंडल. आणि केली होती मी.

तुझ्या भावाचं अख्खं आयुष्य धान्याच्या कोठारात गेलं. तू लवकर कचेरीत गेलास, तो धुळीतच राहिला. डॉक्टरने फुप्फुसाचा फोटो दाखवून सांगितलं की आता धान्याची धूळ अजिबात नको, भरडताना उडते तीसुद्धा. म्हणून चक्की गेली. वेंडलला सांग, असं मी त्याला किती वेळा म्हटलं. त्याचं एकच उत्तर होतं, "सांगितल्यावर आला तर ती कीव झाली. तसाच आला तर आला." व्हर्नलाही त्याने बजावून ठेवलं होतं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. नळी असताना गॅसजवळ जायचं नाही, म्हणून तो बैठकीतल्या खुर्चीतून मला सांगायचा आणि मी करायची. खास माल्ट मागच्या ओट्यावर पिशवीत घालून लाटण्याने भरडलं, म्हणजे धूळ घरात नको. पिशवी उकळू दिली नाही, पिळली नाही, कारण सालांचा तुरटपणा उतरतो. एवढं सांभाळलं आणि अर्क ओतताना गॅस बंद करायला विसरले. सगळा अर्क तळाशी जाऊन बसला आणि करपला. मी रडकुंडीला आले. तो म्हणाला, राहू दे, बघू काय होतंय.

ती तुझी खोली. ती तुझी दिवसभराची मेहनत.

व्हर्नचं ऐकून लायल इतका हसला की धाप लागली. मी रागाने फोन उचलला, म्हटलं आता याची जिरवते. त्याने माझा हात धरला. "नको. सगळ्यांसमोर 'माझा भाऊ' म्हणाला ना? आता येईल तो. म्हणालाच होता येईन म्हणून."

मग तो तुझी वाट बघत बसला. दर रविवारी मला दाढी करून द्यायला सांगायचा आणि ऑक्सिजनचं नळकांडं पडद्याआड ठेवायला लावायचा. बाटल्या तुझ्यासाठी बाजूला ठेवल्या होत्या. फेब्रुवारीत दफन उरकून तू आमच्या घरी आलास आणि डोळे पुसत प्यायलास, त्या त्याच. तेव्हाच तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं, पण घरात माणसं होती.

तेव्हा तापमान नाही आणि वेळही नाही. अर्काचे दोन डबे, पिशवीत थोडं भाजलेलं माल्ट, आणि गॅस चालू. बियर खुशाल कर. लायलचं नाव लावायचं असेल तर मात्र मेळाव्यात उभा राहा आणि डबा, धूळ, तुझे ते शब्द, सगळं स्वतःच्या तोंडाने सांग. जमणार नसेल तर तिला दुसरं काही नाव शोध.

आणि नाताळात इकडे यावं का, असं विचारलंयस. गेल्या जानेवारीत एका रविवारी तुझी निळी गाडी आमच्या घरासमोर हळू झाली होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिली. ती थांबली नाही. लायलची खुर्ची रस्त्याच्या बाजूला होती, त्यानेही पाहिली. मी काही बोलायच्या आत तोच मला म्हणाला, "रस्त्यावर बर्फ आहे. जपून चालवतोय बिचारा."

लायलची बायको,
मार्लिस