मिठाचा डबा मी नेतेय

अहो,

पहाटेच भट्टी पेटवून पाव मीच भाजलेत. जरा दडस, घट्ट झालेत, पण चालतील. टोपली घेऊन जुन्या गिऱ्हाइकांच्या दारी जातेय, एकेकाला तुकडा चाखायला देणार आहे. आठला दुकान तेवढं उघडा.

आणि समोरच्या नव्या बेकरीला शिव्या घालणं आता पुरे. आपलं गिऱ्हाईक तिनं पळवलेलं नाही. काल आपल्याकडून पाव नेणाऱ्या शाळेतल्या बाईंनी तोंडावर सांगितलं, तुम्ही तापातून उठल्यापासून आपला पाव खारट लागतो. मला काय कळत नव्हतं? रोज बघतेय, तुम्ही मीठ घालता, पीठ चाखता, मान हलवता आणि पुन्हा घालता. बोलायचा धीर होत नव्हता, एवढंच.

मिठाचा डबा सोबत नेतेय, उगाच घरभर शोधत बसू नका. उद्यापासून मीठ मी मोजून देईन, मळायचं मात्र तुम्हीच. तुमच्या हाताची सर माझ्या हाताला यायची नाही.

रागावू नका. काल संध्याकाळी तुम्हाला तुमचाच म्हणून मी केलेला वेगळा पाव वाढला होता. "आज बरोबर जमलाय बघ," म्हणत दोन तुकडे जास्त खाल्लेत.

त्यात मी मीठ घातलंच नव्हतं हो.