मीठ पाहणारी

१ मार्च, शनिवार. मोताळा
चंद्र दिसला. मशिदीच्या गच्चीवरून पोरं ओरडली, भोंगा वाजला. उद्यापासून रोजे. अख्ख्या मोहल्ल्यात माझंच तोंड तेवढं पडलेलं. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलंय, शुगर आहे, त्यात किडनी, यंदा एकही रोजा नाही. ह्यांना म्हटलं, एखादा तरी धरते. म्हणाले, "पोरांले जनमभर ऐकाले शिकवलं, सोता कधी ऐकशीन?"
नाझियाचा, आमच्या सुनेचा, या घरातला पहिला रमजान. पोरगा नोकरीला परगावी. ती उपाशी राहणार आणि सासू तिच्यासमोर खाणार.

२ मार्च
पहाटे सहरीला, रोज्याआधीच्या जेवणाला, उठलेच. भाकरी थापायला कोणाची मनाई? ह्यांनी आणि नाझियानं रोजा धरला. मी नंतर इंजेक्शन घेतलं आणि स्वयंपाकघराची कडी लावून भाकरी-चटणी खाल्ली. तेवढ्यात शेजारच्या सकीना आपा. "बाई, रोजा हाय ना?"
म्हटलं, "अल्लाची मेहेर." हो पण नाही, नाही पण नाही. ओठाला चटणी तर नाही ना, म्हणून पदर तोंडावर धरून बसले. जन्मभर शाळेत पोरांच्या कॉप्या पकडल्या...

५ मार्च
काल डाळीत मीठ दोनदा पडलं. रोज्यात चाखता येत नाही, संध्याकाळी अजान झाली की मगच कळतं. हे एक घास घेऊन छताकडे बघत राहिले. एरवी ताट सरकवलं असतं. पोटाबरोबर जिभेचाही रोजा असतो. ह्यांच्या जिभेला तो फार जड जातो, पण पाळतात. कौतुक वाटलं. बोलले नाही, चढून बसतील.
नाझिया रडवेली. तिला सांगितलं, किताबात मुभा आहे, नवरा तापट असला तर बाईनं जिभेच्या टोकावर मीठ पाहून थुंकून टाकावं. ती हळूच म्हणते, "अम्मी, नवरा गरीब अन् सासरा तापट असला तं?"
आज चार वाजता तिनंच चमचा माझ्यापुढे धरला. लाजत चाखलं. मीठ कमी होतं.

९ मार्च
सकीना आपांनी नाझियाला विचारलं, तुमच्या घरी रोज बरोबर चव कशी? "अम्मी चाखते," पोरीनं सरळ सांगून टाकलं. रोज्यात खोटं कसं बोलणार ती. खोटं मीच बोलले होते. आपा तडक उठून गेल्या. दुपारभर दार लोटून बसले.

१० मार्च
आपा आल्या. ओढणीखाली वाटी. "बाई, जरा मीठ पाहा ना."
बस. एवढंच बोलल्या.

१८ मार्च
आता चार-पाच वाट्या येतात. ऊन मी म्हणतंय. या बाया शेतातून येतात, लेकरांना जेवू घालतात, स्वतः थेंब न घेता चुलीपुढे बसतात, भज्यांचा वास नाकाशी. ओठ सुकलेले, आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. मी "चिमूटभर अजून" म्हटलं की पळतात. एकीच्याही नजरेत हेवा नाही. इतकी वर्षं रोजे धरले, पण रोजा धरलेलं माणूस इतकं निरखून कधी पाहिलंच नव्हतं. किती सुंदर दिसतं.
तरी आपला एक तरी हवा होता. एकच.

२७ मार्च
उद्या अलविदा जुम्मा, रमजानचा शेवटचा शुक्रवार. उद्याचा धरणार. सकाळी शुगर बरी होती. कोणाला सांगायचं नाही.

२८ मार्च, शुक्रवार
धरला. सहरीला दोघांबरोबर खाल्लं, इंजेक्शनही घेतलं. दुपारपर्यंत इतकं हलकं वाटलं. कोरड्या तोंडाचा तो वास, त्याचीच आठवण येत होती.
असरच्या, दुपारनंतरच्या नमाजानंतर हात कापायला लागले, घाम. शुगर उतरली. त्यातच आपा दारात. मशिदीच्या इफ्तारीचा खिचडा, सगळ्या मोहल्ल्याचा. "एवढा मोठा डेग हाय बाई, तुमच्याबिगर कोणावर सोडू?"
मी वाटी हातात धरून बसले. जिभेचं टोक लावून थुंकता आलं असतं, मनात आलंही.
नाझिया आतून आली. हातात माझा डबा, दुपारची भाकरी तशीच. ओरडली नाही. माझ्याजवळ बसून म्हणाली, "अम्मी, रोजा त्यानंच देला, अन् तुम्हाले सूटबी त्यानंच देली. त्यानं देलेलं वापस करता का?"
आपा खाली बघत उभ्या. दोघींचे ओठ कोरडे.
आजचा दिवस अल्ला कशात धरेल, माहीत नाही. हे मशिदीतून आले की ह्यांना विचारणार होते मी. नाही विचारलं.
त्या वाटीतला घास मी गिळला. मीठ अगदी बरोबर होतं. तरी आपांना म्हटलं, नीट कळलं नाही, अजून एक चमचा द्या.