उतारावरची हिरवळ

आबा, परवा सरावलीला जाऊन आले. आपल्या क्वार्टरमागचं तळं अजून आहे, पण त्यात पाय बुडवावासा वाटेल असं काही राहिलेलं नाही. काठाच्या गवताची तुमची पट्टीही गेली.

तुम्ही माणदेशातले. पाण्याशेजारी घर मिळालं याचंच तुम्हाला केवढं अप्रूप! कारखान्यातून आलात की डबा खाली ठेवायच्या आधी मागच्या दारापुढची हिरवळ बघायचात. आई चिडून म्हणायची, "त्या गवतालाच जेवायला वाढा आता." मृगाचं आभाळ भरून आलं, तसे तुम्ही बोईसरहून आणलेली युरियाची पिशवी घेऊन उतारावर उभे राहिलात. पावसाच्या तोंडावर खत टाकलं की एका सरीत मुरतं, हे गावाकडचं शहाणपण. तिकडे एकच सर यायची हो. इथे पाऊस दिवसरात्र कोसळायचा, दाणे विरघळून सरळ तळ्यात जायचे. गवत पिवळं दिसलं की तुम्ही पुन्हा टाकायचात.

पाऊस उघडला आणि पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरली. एका सकाळी मासे उलटे होऊन तरंगताना दिसले. पाड्यावरून आपल्याकडे भांडी घासायला येणारी मावशी राखेच्या हातांनी तशीच दारात येऊन बसली. "भाऊ, सगलं मासं मेलं. आता पोरांना भातासंगं काय देऊ?" सगळी कॉलनी कंपनीच्या सांडपाण्याला शिव्या घालत होती. तुम्ही मात्र काठाकाठाने चालत गेलात. आपल्या हिरवळीवरचं पाणी जिथे तळ्यात उतरायचं, तिथेच साय सगळ्यात दाट होती.

परत येऊन तुम्ही तिच्यासमोर जमिनीवर बसलात. "बाई, कंपनी नाही. माझं खत आहे ते."

ती चक्क हसली. "काय बोलता भाऊ! गवताच्या खतानं कुठं तलं मरतं? तुमी देवमानूस हाय."

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. पुढे काठालगतचं गवत उंच वाढू दिलंत, उतारावर खताची चिमूटही पडू दिली नाहीत. पाणी हळूहळू निवळलं, मासे मात्र पहिल्यासारखे आले नाहीत. मावशी पोरांना घेऊन वीटभट्टीवर गेली. जाताना कंपनीच्याच नावाने बोटं मोडत होती, आणि तुम्ही दारात मान खाली घालून उभे होतात.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतो आहे. तिने तुमचं खरं मानलं नाही, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आबा, अजूनही वाटतं.