पक्कं पोट

५ मार्च १९९१

सकाळपासून ओकतेय. घोटभर पाणीसुद्धा पोटात राहत नाही – आणि मी खूश आहे! लग्नाला सहा वर्षं झाली. दोंडाईच्यात कुणी कुणी काय काय सुचवलं. आता बोला म्हणावं.

सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आक्कांच्या, अंगात तर बारा हत्तींचं बळ आलंय. मी मोरीत वाकले की लगेच पाठीवरून हात फिरवतात. “भिऊ नको. उलट्या व्हतस म्हंजे पोट पक्कं शे.” ज्या पुतणसुनेच्या उलट्या थांबल्या, तिचं पोट गळालं, हेही सांगून झालं.

९ मार्च

मिरचीचा हंगाम. कांडप बंद ठेवून कसं चालेल? मशीन माझं, चालवणारी मी. हे म्हणाले, हाताखालच्या हिलालला बसवू. मी म्हटलं, हिलाल तिखट जाडंभरडं काढतो. शेजारी बादली ठेवली आणि बसले. मिरच्या घेऊन आलेल्या बायका ठसक्याने खोकत होत्या, मी ओकत होते. तिखट मात्र मैद्यासारखं पडलं!

१४ मार्च

यांनी बळंच दवाखान्यात नेलं. उलटी थांबायच्या गोळ्या मिळाल्या. मी त्या हळकुंडांच्या डब्यात टाकल्या. पक्कं पोट आपल्याच हाताने का सैल करायचं? यांना सांगितलं, घेते.

२० मार्च

तिसरा लागला. चोरचोळी झाली. गुपचूप करायची असते म्हणे, पण सगळ्या आळीला ठाऊक!

दंड काटकुळे झालेत, पोट मात्र आत्ताच दिसायला लागलं. परकराची नाडी पुरत नाही. आक्कांनी हिरवे खण दोन आणले. मी विचारलं, दोन कशाला? “तुना पोटमा दोन शेतस.” मला तर आधीच वाटत होतं.

२३ मार्च

धुळ्याला. काल न्हाणीत पायातला जोरच गेला. छाती धडधडते, हात थरथरतात. अक्षर बघा कसं येतंय.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी-रक्त तपासलं. अन्न मिळत नाही म्हणून शरीर स्वतःचीच चरबी जाळतंय. रक्तातलं पोटॅशियम उतरलंय – आणखी उतरलं तर हृदय बंद पडू शकतं. हे सगळं त्या शांतपणे सांगत होत्या. गोळ्या घेतल्या होत्या का? मी हळकुंडांचा डबा सांगून टाकला. रागावल्या नाहीत. उलटीवरून पोट पक्कं की कच्चं काही कळत नाही, एवढंच म्हणाल्या. हे खिडकीबाहेर बघत राहिले. मला ते जास्त लागलं.

सलाईन चालू. आता गोळ्याही घेते. अशी सहज जाणारी नाही मी.

२७ मार्च

बाहेरगावी पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉईड वाढलंय. गरोदरपणातला एक हार्मोन असतो, तो फारच चढला की थायरॉईडलाही डिवचतो. धडधड त्याचीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा चढलेला सहसा दिसत नाही.

मी विचारलं, जुळं असलं की चढतो ना?

चढतो, म्हणाल्या. दुसरीही कारणं असतात, सोनोग्राफीत कळेल.

चढतो! आक्का लगेच जुनं लुगडं फाडून दुपटी करायला बसल्या. आता दवाखान्यातल्या सगळ्या नर्सांना माहीत आहे, की बारा नंबरच्या खाटेवर जुळं आहे.

२८ मार्च

उद्या सोनोग्राफी. पायात जोर आलाय, आज एकटी न्हाणीपर्यंत गेले. तिथे लाल डाग दिसला. नर्सला सांगितलं. आक्कांना नाही – उगाच घाबरतील. दोन्ही खण उशाशी आहेत. एक जरी मुलगी असली ना, तर मशीन तिच्या नावावर.

३० मार्च

बाळ नव्हतं. एकही नव्हतं. नुसती वारच भलत्या तऱ्हेने वाढून द्राक्षांच्या घडासारखी झाली होती. हार्मोन तिचाच, उलट्याही तिच्याच. काल संध्याकाळी सगळं काढलं.

आज आक्कांनी चहा पाजला. पोटात राहिला. मी वाकले नाही, तरी त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.