धोंडाबाईला काही न देण्याविषयी

मी सावळाराम हैबती वालगुडे, राहणार मार्गासनी, पेटा वेल्हे, जिल्हा पुणे. अंग थकले आहे, बुद्धी जागेवर आहे. शाळेतल्या कविता अजून ओळ न चुकता म्हणतो, त्यावरून कोणीही खात्री करून घ्यावी. माझ्यामागे पुढीलप्रमाणे वागावे.

१. राहते घर, ओढ्याकाठचे खाचर व बैल माझी विधवा सून चंद्राबाई हिचे. दारामागची कुऱ्हाड ज्ञानूच्या हातची आहे, ती कोणाला उसनी देऊ नये.

२. ज्ञानू माझा एकुलता मुलगा. बांधाच्या भांडणावरून शेजारच्या शेताच्या मानसिंगने त्याला कोयत्याने ठार मारले. कोवळे ऊन होते, गवतावर दव चमकत होते. अशा सकाळची एक गोड कविता मला येत होती. आता म्हणत नाही. त्या दिवसांत धोंडाबाई धनगरणीची मेंढरे खतासाठी आमच्या शेतात बसवली होती. तिने समोरून सगळे पाहिले आणि जाताना पाटलांना सांगितले. फौजदार आले तोवर मेंढरे खिंड ओलांडून भोर संस्थानात उतरली होती. फौजदार चावडीत चहा पीत म्हणाले, "दुसऱ्याच्या राज्यात कोण मरायला जातो? आणि मेंढरामागची बाई, तिला काय कळतंय?" सरकारी वकिलांनी तर तिचे नावही विचारले नाही. मानसिंग निर्दोष सुटला आणि ताशा वाजवीत गावात आला.

माझी काठी फौजदारांना द्यावी. खिंड चढायला बरी पडते.

३. मी अर्ज करीत राहिलो. अखेर सरकारने अपील केले. डोळ्यांनी पाहणारीचे न ऐकता दिलेली सुटका टिकत नाही, असे मुंबईच्या हायकोर्टाने ठरवले. पुण्यात खटला पुन्हा चालेल. तोवर मी नसेन.

४. डोंगरावरचे कुरण धोंडाबाईला द्यायचे माझ्या मनात होते. तिचे नाव निकालात आल्यापासून मानसिंगच्या भाऊबंदांनी तिच्या मेंढरांना आपल्या रानात चरायला बंदी केली आहे. माझे वकील म्हणाले, "आबा, तिला पहिला प्रश्न हाच येईल, साक्षीपायी जमीन मिळाली ना, बाई? आणि मानसिंग दुसऱ्यांदा सुटेल."

धोंडाबाईला सांगितले तर ती हसली. "कुरन घिऊन म्या काय करू, आबा? मेंढरं काय एका जागी ऱ्हात्यात व्हय? म्या बगितलं त्ये सांगीन. तुमी तेवढी पाखराची कविता म्हना."

मी देऊ केले व तिने नाकारले, हे कोर्टालाही कळावे. कुरण चंद्राबाईचे.

५. सबब, धोंडाबाई कोंडिबा मरगळे हिला माझ्या मिळकतीतून काही मिळणार नाही. जमीन नाही, लुगडे नाही, पायलीभर भातही नाही. माझ्या मुलासाठी जी एकटी उभी राहिली, तिच्याच नावापुढे मला 'काही नाही' लिहावे लागते, याचे श्रेय फौजदार व सरकारी वकील यांनी आपसांत वाटून घ्यावे. मानसिंगच्या वकिलांनी हे कलम कोर्टात मोठ्याने वाचावे.

पाखराची कविता तिला पाठ आहे. मेंढरे शेतात बसली की मी ओट्यावर म्हणत असे, ती ऐकून तिने उचलली. मी दिलेली नाही. तीही लाच ठरत असेल तर सरकारने जप्त करावी.

मार्गासनी, ता. ९ डिसेंबर १९३८

सही, सावळाराम हैबती वालगुडे, स्वहस्ते

सावळारामआबांनी आमच्यासमोर वाचून दाखवले व सही केली:
रखमाजी सोनबा वालगुडे, सही
गेनू हरिबा भुरुक, निशाणी डावा अंगठा