शेकवाल्याचा मुलगा

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज पुन्हा खोटं बोललो. क्लिनिकच्या काउंटरवरच्या ताईंनी सहज विचारलं, "तुझे वडील काय करतात रे?" मी म्हणालो, "दुकान आहे." कसलं, ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून वाचलो. विचारलं असतं तर आणखी एक बोललो असतो.

दुकान कसलं! सायकल दुरुस्तीच्या टपरीमागे एक पत्र्याची खोली, एक बाकडं, एक शेगडी आणि तव्यावर तापवलेली वाळू. वाळू फडक्यात बांधायची, पुरचुंडी आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून बघायची, मग लोकांच्या गुडघ्यावर फिरवायची. लोक बाबांना शेकवाले काका म्हणतात.

आणि मी काय करतो? मीही शेकच देतो. फक्त पांढरा कोट घालून. गुडघ्यातली गादी झिजली, हाडाला हाड लागलं, की माणसं इथे येतात. आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम तपासतात, व्यायाम देतात. व्यायामाआधी गुडघा गरम करायचं काम माझं. कुणाला दिव्याचा शेक, कुणाला गरम मेणाचा, बहुतेकांना गरम पाण्याच्या टाकीतली पिशवी, टॉवेलात गुंडाळून. गादी काही परत येत नाही, पण दुखणं उतरतं, पाय मोकळा होतो. मॅडम हे सगळ्यांना स्पष्ट सांगतात. बाबाही सांगतात, त्यांच्या पद्धतीने — "झिजलेलं भरून येत नाही बाबा, पण आज रात्री झोप लागेल."

दोघांचं म्हणणं एकच. तरी लाज एकाचीच वाटते!

बुधवार, १३ नोव्हेंबर

मॅडम म्हणाल्या, "तुझा हात नीटनेटका आहे. तुला सांगावं लागत नाही." दिवसभर हवेत होतो. नववीत शाळा सुटलेल्या पोराला असं कोण म्हणतं?

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

घाईघाईत लिहितोय. अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. बुधवारी येऊन शेक घेऊन गेल्या होत्या. आज पडद्याआड मॅडमनी त्यांची साडी गुडघ्यावर सरकवली आणि ओरडल्याच, "हे काय? कुठल्या खाटकाने केलं हे?"

गुडघा भाजला होता. फोडांत पाणी भरलं होतं. मला एवढंच दिसलं, कारण पुढचं वाक्य ऐकलं आणि मी मान खाली घातली.

मावशी म्हणाल्या, "बुधवारी संध्याकाळी त्या सायकलच्या टपरीमागे गेले होते. शेकवाल्याकडे. तुमच्याकडे घेतलं की बरं वाटतं, म्हटलं दोनदा घेतलं तर दुप्पट बरं वाटेल."

"मावशी, हे काय औषधाचे डोस आहेत का?"

"आता काय करू! मशीन चालवायला पाय लागतो, तोंड लागत नाही. नाहीतर मी दिवसाला चाळीस ब्लाउज शिवले असते."

सगळे हसले. मीही हसलो. मॅडम मला म्हणाल्या, "बघून ठेव. शिक्षण नसताना शेक दिला की काय होतं, ते बघून ठेव." मी "हो मॅडम" म्हणालो आणि फरशीकडे बघत राहिलो. मलमपट्टीचं सामान आणून दिलं तेही तोंड फिरवून.

"माझे वडील आहेत ते" — एवढंच वाक्य. तीन-चार वेळा घशापर्यंत आलं. प्रत्येक वेळी गिळलं.

मावशी जाताना म्हणाल्या, "जाऊ द्या हो. म्हातारा माणूस आहे. मुद्दाम थोडंच केलं असेल?"

शनिवार, १६ नोव्हेंबर

मॅडम तक्रार करणार आहेत. आरोग्य खात्यात. मला म्हणाल्या, "ती टपरी तुझ्या घराकडेच आहे ना? त्या माणसाचं नाव काढ."

मी म्हणालो, "बघतो."

बापाचं नाव काढायला सांगितलं, आणि मी म्हणालो बघतो!

रविवार, १७ नोव्हेंबर

आज ते केलं. कसं केलं ते लिहितो, म्हणजे नंतर मला ते गोड करून आठवता येणार नाही.

क्लिनिकमध्ये नव्या माणसाला शेक देण्याआधी परीक्षा असते. एक नळी गरम पाण्याची, एक गार पाण्याची. डोळे मिटायला सांगायचं, नळी कातडीला लावायची, विचारायचं — गरम की गार? ज्याला कळत नाही त्याला शेक द्यायचा नाही. मला वाटलं, शेक देणाऱ्याचीही घेऊन बघू.

बाबा पेपर वाचत होते. मी स्टीलचे दोन पेले आणले, एकात गरम पाणी, एकात माठातलं.

"डोळे मिटा."

"आंधळी कोशिंबीर खेळायचं वय आहे का माझं?"

"मिटा ना बाबा."

मिटले. हसत होते. मी पेला तळहाताला लावला.

"गार."

गार होता. दुसरा लावला.

"हाही... गारच की." मग जरा थांबून, "नाही, गरम. गरम असेल."

पुन्हा लावला. पुन्हा चुकले. इतकी वर्षं तापलेली पुरचुंडी झेलून त्यांचा तळहात टाचेसारखा झालाय. हे मला आधी कसं दिसलं नाही? रोज त्या हाताने माझ्या डोक्यावर टपली बसते.

डोळे उघडून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "किती चुकलो?"

तेव्हा हळू बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. "तुम्ही लोकांची कातडी भाजताय!" असं ओरडलो. "त्या शिवणाऱ्या मावशींचा गुडघा बघा जाऊन! मॅडम तक्रार करणार आहेत. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुम्ही!"

आई आतून आली. म्हणाली, "अरे, बापाशी बोलतोयस."

बाबा तिला म्हणाले, "बोलू दे. त्याला कळतं त्यातलं." मग मला विचारलं, "फार भाजलंय का त्यांना?"

त्यांनी विचारलं ते एवढंच.

सोमवार, १८ नोव्हेंबर

खोलीला कुलूप. शेगडी बाबांनी सायकलवाल्याला देऊन टाकली. वाळू टपरीपुढच्या खड्ड्यात ओतली. आईने सांगितलं. बाबा जेवले आणि पाठ करून पडून राहिले.

मॅडमना म्हणालो, "तो शेकवाला बंद झाला." "छान," त्या म्हणाल्या. "बघ, एका माणसामुळे किती जण वाचले." तो एक माणूस म्हणजे मी, असं त्यांना म्हणायचं होतं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आई माझ्याशी तुटक बोलते. ताट वाढते, पण "आणखी घे" म्हणत नाही.

बाबा सकाळी शिवणाऱ्या मावशींच्या घरी जाऊन आले. पाया पडून आले म्हणे — आपल्यापेक्षा वयाने लहान बाईच्या! मावशीच ओशाळल्या. "काका, उठा हो, माझे गुडघे वाकत नाहीत, नाहीतर मीच तुमच्या पाया पडले असते," असं म्हणाल्या. हे सांगताना बाबा थोडे हसले. मला हसता आलं नाही.

मी चूक केली का? केली नाही. हात बधिर झालेल्या माणसाने शेक देऊ नये, ही गोष्ट खरी आहे. मग आईकडे बघवत का नाही?

शनिवार, २३ नोव्हेंबर

दारात रोज कुणीतरी येतं. आज रंगारी काका आले होते. जन्म शिडीवर गेला, दोन्ही गुडघे बोलतात. "अरे, दुकान का बंद? आम्ही कुठे जायचं?"

मी आतल्या खोलीत होतो. बाबांचा आवाज ऐकू आला.

"आता क्लिनिकमध्ये जायचं. तिथे माझा मुलगा असतो. सगळं शास्त्रशुद्ध. आपल्यासारखं अंदाजपंचे नाही. माझं नाव सांग, तो नीट बघेल."

मी दाराआडच उभा राहिलो. बाहेर गेलो असतो तर कुणाच्या डोळ्याला डोळा दिला असता?

मंगळवार, २६ नोव्हेंबर

रंगारी काका आले. मी जिन्यातच गाठलं आणि हळूच म्हणालो, "काका, इथे बाबांचं नाव काढू नका." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर कुणी हात टेकवला असावा. पण म्हणाले, "बरं."

त्यांची परीक्षा घेतली. सगळी उत्तरं बरोबर. टाकीतली पिशवी काढली, निथळू दिली, टॉवेलाच्या नेहमीच्या घड्या घातल्या. मध्ये मध्ये विचारत होतो, "सहन होतंय ना?" "असू दे रे, मस्त वाटतंय," म्हणाले. वीस मिनिटांत घोरायला लागले. माझं काम बिनचूक झालं. तेवढंच बरं वाटलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

रंगारी काकांचा गुडघा भाजलाय. मॅडमनी बोलावलं, आणि या वेळी मी मान वर ठेवून बघितलं. सरळ लाल पट्टे, शेजारी शेजारी. आमच्या पिशवीला शिवणीचे कप्पे असतात, अगदी तसे. मॅडम म्हणाल्या, "शिवणाऱ्या मावशींचेही असेच होते ना?" वाळूच्या पुरचुंडीला कुठे पट्टे असतात?

मॅडमनी टॉवेल चिमटीत धरला. "हे कधी आले?" मी म्हणालो, या महिन्यात, मावशी भाजल्या त्याच आठवड्यात. नवे आहेत. पातळ आहेत. मी घड्या तेवढ्याच घातल्या. घड्या मोजल्या, जाडी बघितली नाही.

रंगारी काका सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या बापाने मला कधी एवढंसं भाजलं नाही रे."

मीच म्हणालो, "हो. तो शेकवाला माझा बाप."

खात्री आहे ना, एवढंसुद्धा बाबांनी त्या रविवारी मला विचारलं नव्हतं.