भुरीला मारू नये

शके १७८५, रुधिरोद्गारी नाम संवत्सर, माघ वद्य तृतीया. मी मैनाबाई, मर्द मयत गणुजी, जात माळी, धंदा भाजीपाला, राहणार नांदगाव पेठ, परगणे अमरावती, हे मृत्युपत्र अर्जनवीस शेषराव यांच्याकडून लिहवून घेते. या घटकेला माझं डोकं ठिकाणावर आहे. संध्याकाळी असेल की नाही हे सांगता येत नाही, म्हणून शेषरावांनी अक्षर वळणदार काढत बसू नये. ते कुंपणापलीकडे बसले आहेत. मीच त्यांना तिथं बसवलं आहे, त्यांना कोणी भित्रा म्हणू नये.

कलम १. मी कशानं मरते ते आधी लिहावं. पौषात मोर्शीकडून कापसाच्या गाड्या अमरावतीला चालल्या होत्या. त्यांच्यामागचा एक काळा कुत्रा माझ्या मळ्याशी पडून राहिला. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं. घशात हाड अडकलं असं मला वाटलं, आणि कुत्री पाळणाऱ्या कोणालाही तसंच वाटलं असतं. मी हात घातला. हाड नव्हतं. मनगटाला दात घासले तेवढे. कुत्रा मेला, माझी खपली पडली, मी विसरून गेले. आता त्याच मनगटाला मुंग्या येतात आणि पाण्याचा तांब्या समोर आला की घसा आवळतो. वाऱ्याची झुळूक आली तरी तेच. शेषरावांनी पंखा खाली ठेवावा.

कलम २. भुरी ही माझी कुत्री. परवा तिच्या पंजातला बाभळीचा काटा उपसताना कळ आली, म्हणून ती मला चावली. तिच्या जागी मी असते तर मीही चावले असते. गावानं तेवढंच पाहिलं आणि तिला पिसाळलेली ठरवून मोकळं झालं. माझा पुतण्या देवीदास काल काठी घेऊनच आला.

"काकू, चावलेलं कुत्रं मारलं का जहर उतरते, सारे सांगून राहिले. तू कावून आडवी येतं?"

"अरे, ते भाकर खाऊन राहिली, पानी पेऊन राहिली. पानी तं मले पेता येत नाही."

तो रडला. त्याची माया खोटी नाही, अक्कल कमी आहे. म्हणून लिहून ठेवते की भुरीचा काही दोष नाही. तिला मारलं तर मी वाचणार नाही, आणि एक निरोगी जीव फुकट जाईल.

कलम ३. चावलेल्या माणसाला सात विहिरी दाखवायची आपल्याकडे चाल आहे. पाण्यात आपलं तोंड दिसलं तर माणूस राहिला, कुत्रं दिसलं तर गेला. शेजारच्या पार्वताबाईनं मला हाताला धरून फिरवलं. सहा विहिरींवर मी डोळे मिटून "माझंच तोंड दिसलं" म्हणाले. सातवी माझीच होती. तिथं मोट चालू होती, आणि पाणी पडण्याचा जो आवाज ऐकत मी म्हातारी झाले, तोच आवाज ऐकून मी काठावर कोसळले. मी काही पाहिलं नाही. पण पार्वताबाई माझ्या खांद्यावरून आत डोकावली होती. ती तशीच घरी गेली. तेव्हापासून ती मळ्यात येत नाही, आणि विचारलं तर दार लावून घेते. तिला माझं पितळी घंगाळ द्यावं. काय दिसलं ते तिला विचारू नये.

कलम ४. हा मळा माझ्या वडिलांनी मला आंदण दिलेला आहे, त्यावर सासरच्यांचा हक्क नाही. मळा, विहीर, बैलजोडी व मोट माझ्या मयत बहिणीची मुलगी जयवंता हिला दिली. मळ्यात तिनं कापूस लावू नये. देवीदासानं यंदा चढ्या भावाच्या लोभानं आपल्या वावरातली वांगी उपटून कापूस पेरला, आता भाजी माझ्याकडून नेतो आणि वर मलाच शहाणपण शिकवतो. त्याला माझी खुरपी द्यावीत. कधीतरी लागतील.

कलम ५. मळ्याबरोबर भुरी आणि मळ्यातली बाकीची सगळी कुत्रीही जयवंतेचीच. ज्वारीची भाकर ताकात कुस्करून द्यावी, तिखट देऊ नये. कोंबडीचं हाड तर मुळीच नाही. दगडी डोणीतलं पाणी रोज बदलावं, नुसतं वरून भरू नये. गोचिडांना करंजाचं तेल. जखमेत किडे पडले तर सीताफळाचा पाला वाटून भरावा. वैशाखात निंबाखाली ओली माती उकरून द्यावी, ती आपोआप जाऊन बसतात. मात्र ज्याचा जबडा लोंबतो त्याच्या तोंडात हात घालू नये, कितीही दया आली तरी.

बाकीची कुत्री माझ्या बाजेभोवती निजत असत. आता ती पाटापलीकडे रांगेत बसतात, तोंडं माझ्याकडे करून. भुंकत नाहीत. मी उठले की सगळी उठतात, मी बसले की बसतात. त्यांना हाकलू नये, ती बरोबर आहेत. भुरी बांधलेली म्हणून एकटीच अलीकडे आहे. तिला सोडलं तर तीही पलीकडे जाईल का, हे पाहायची माझी छाती होत नाही.

कलम ६. हे लिहून झालं की मी बैलांच्या सरकीच्या कोठीत जाईन. बाहेरून कडी घालावी. भाकर काठीनं आत सारावी, हात घालू नये. पाणी दाखवू नये, जवळून मोट चालवू नये, फटीला गोणपाट लावावं. मारू नये. कुत्र्यावर करतो तेवढी दया मला पुरे.

जयवंते, हे तुला. उद्या आतून तुला हाक येईल. आवाज माझा असेल. मी बरी झाले म्हणेल, तुझ्या आईची शपथ घालेल, तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगेल, रडेल. उघडू नकोस. तुझी मावशी इथं, या कागदावर आहे, आणि ती शुद्धीत सांगते आहे. आत जी असेल ती तुला माझ्याइतकीच ओळखत असेल, एवढंच.

निशाणी खुरप्याची, मैनाबाई मर्द गणुजी, दस्तुर शेषराव अर्जनवीस.

साक्ष: जानराव, पाटील, मौजे मजकूर.
साक्ष: देवीदास, पुतण्या. भुरीला हात लावणार नाही, कबूल.

मुक्काम नांदगाव पेठ.

शेरा, अर्जनवीस शेषरावांचा: निशाणी केल्यावर बाई आपल्या पायांनी कोठीत गेल्या. जयवंतेनं कडी घातली. कागद वाळायच्या आत आतून हाक आली, "जयवंते, लिहून झालं का? आता उघड." आवाज बाईंचाच होता. जयवंता दाराला पाठ लावून बसली आहे. कडी काढलेली नाही.